थंडीत निळा होणारा उजेड

श्रोतेहो, नमस्कार. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल आणि मग पिवळे दिसू लागते, तेव्हा तो उजेड उष्णतेचाच असतो. आज तांबे आणि आयोडीनच्या ज्या स्फटिकांविषयी मी बोलणार आहे, त्यांचा उजेड तसा नाही. अतिनील किरण पडले की हे स्फटिक खोलीच्या तापमानाला पिवळे उजळतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसला, तेच निळे-जांभळे उजळतात.

त्यांच्या रचनेत घनाच्या आठ कोपऱ्यांवर तांब्याचे चार आणि आयोडीनचे चार अणू आळीपाळीने बसलेले असतात, आणि तांब्याच्या प्रत्येक अणूला बाहेरून पिरिडीन या सेंद्रिय पदार्थाचा एक रेणू जोडलेला असतो. असेंद्रिय गाभा आणि सेंद्रिय रेणू असे दोन्ही एकत्र असल्यानेच त्यांना संकरित म्हणतात. १९७०च्या दशकात हार्ट या रसायनशास्त्रज्ञाने हा रंगबदल नोंदवला आणि पुढे अमेरिकेतील सांता बार्बरा येथील पीटर फोर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण उलगडले.

ते कारण मला फार सुंदर वाटते. अतिनील किरणांतून मिळालेली ऊर्जा या रेणूत दोन वेगवेगळ्या अवस्थांत थांबू शकते. एका अवस्थेत आयोडीनकडचा इलेक्ट्रॉन पिरिडीनकडे सरकलेला असतो. तिची ऊर्जा जास्त, म्हणून तिचा प्रकाश निळा. दुसरी अवस्था तांबे-आयोडीनच्या गाभ्यातच घडते आणि तिचा प्रकाश पिवळा; पण तिच्यात जाण्यासाठी गाभ्याचा आकार बदलावा लागतो, तांब्याचे अणू एकमेकांजवळ यावे लागतात. खोलीच्या तापमानाला ही अडचण सहज ओलांडली जाते. कडाक्याच्या थंडीत मात्र तेवढे बळ उरत नाही, ऊर्जा वरच्याच अवस्थेत अडकते, आणि म्हणून तापमान उतरले असता प्रकाश उलट अधिक ऊर्जेचा होतो.

याचा उपयोग तापमान मोजण्यासाठी होऊ शकतो. नुसत्या उजेडाच्या तीव्रतेवर विसंबता येत नाही, कारण ती दिव्याच्या जोरावर आणि पदार्थाच्या जाडीवरही अवलंबून असते. दोन रंगांचे परस्पर प्रमाण मात्र या गोष्टींमुळे फारसे ढळत नाही. तापवले असता पिरिडीन स्फटिकातून निघून जाते, ही मोठी उणीव आहे. फ्रान्समध्ये सँड्रीन पेरुशा यांच्या गटाने पिरिडीनऐवजी फॉस्फरसयुक्त सेंद्रिय रेणू जोडून असे गाभे सिलिकाच्या पातळ थरात बसवले आहेत, आणि त्या थराचा प्रकाशही तापमानाप्रमाणे रंग बदलतो. युरोपियम किंवा इरिडियमसारख्या महाग धातूंऐवजी तांब्यावर हे साधते, हे मला विशेष मोलाचे वाटते.