रिकामा परतलेला गडू

[पहाट. विहिरीवर कप्पीचा आवाज. बादली वर येते.]

हे पाणी दिसायला नितळ आहे. पण यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि घोटभर प्यायलं तर मिठाची चव कितीतरी वेळ जिभेवर राहते. आमचं गाव अकोला जिल्ह्यात, खारपाण पट्ट्यात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरला आहे. इथल्या भूगर्भातलं पाणीच खारं. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, वर येतं ते हेच. प्यायचं पाणी नळाला येतं, आणि ते ज्या दिवशी येतं त्या दिवशी बाया शेतात उशिरा जातात.

या गावातून आम्ही सहा जण गंगोत्रीला निघालोय. माझी मोठी आई (वडिलांची थोरली भावजय), माझी आई, आत्या, शेजारचे काकाजी आणि काकू, आणि मी. निघायचं आहे १८ मे २०२६ ला. तयारी गुढीपाडव्यापासून सुरू आहे. हे चित्रण त्या तयारीचं.

[देवघर. कोनाड्यात तांब्याचा गडू.]

हा गडू वीतभर उंचीचा आहे. निमुळतं तोंड, वर झाकण. गंगेचं पाणी भरलं की झाकणाला डाख देऊन तोंड बंद करतात, आणि घरी आल्यावर गंगापूजनाच्या दिवशी ते फोडतात. या गड्याच्या झाकणाला डाख लागलेलाच नाही. माझ्या मोठ्या बाबांनी, म्हणजे मोठ्या आईच्या नवऱ्याने, तो २०१९ साली हरिद्वारच्या बाजारात घेतला, आणि तो रिकामाच परत आला.

त्या वर्षी आमच्या भागातून एक बस गेली होती. बारा दिवसांत चार धाम. भर उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसवर असताना गावातून निघालेली माणसं चौथ्या रात्री जानकीचट्टीला थंडीत कुडकुडत होती. यात्रेचा क्रम यमुनोत्रीपासून धरतात, म्हणून बस आधी तिकडे गेली. जानकीचट्टीपासून मंदिरापर्यंत सहाएक किलोमीटरची चढण आहे आणि यमुनोत्री ३,२९३ मीटरवर. मोठ्या बाबांना त्या रात्रीच श्वास लागला. सकाळी त्यांना खाली आणावं लागलं. बसवाल्याने सांगितलं, एका माणसासाठी गाडी थांबणार नाही. बस पुढे गेली. मोठे बाबा आणि माझा चुलतभाऊ दोघंच मिळेल त्या गाडीने हरिद्वारला उतरले आणि तिथून घरी आले. गंगोत्री राहून गेली. मोठे बाबा २०२३ मध्ये गेले.

म्हणून पाडव्याच्या आदल्या रात्री मी चार धामांचा कागद काढून बसलो, तेव्हा मोठ्या आईने तो वाचूही दिला नाही.

"मले चार नाई पाह्यजेत, बाबू. त्याहिचं जे राह्यलं थे एकच दाखव."

मला विचाराल तर आमच्यासारख्या गावातून जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी हेच बरोबर आहे. चार धाम उरकता येतात. पण ज्या नदीसाठी एवढं लांब जायचं, तिच्या काठावर तासभरही न बसता पुढची गाडी गाठायची, यात मला यात्रा दिसत नाही. एकच धाम, आणि तिथे पोचायला भरपूर दिवस, असं आम्ही ठरवलं.

[भिंतीवर दिनदर्शिका. बोट तारखांवरून फिरतं.]

आता दिवस कोणते? शहरातल्या माणसाला रजा मिळाली की झालं. इथे नक्षत्रं पाहावी लागतात. गंगोत्रीचं मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि दिवाळीत अन्नकुटाच्या दिवशी बंद होतं. पण आमच्या हातात त्यातले थोडेच दिवस येतात. ८ जूनच्या सुमारास मृग लागतो. त्याआधी वखरणी झालेली हवी, बियाणं घरात हवं, माणूस बांधावर हवा. पुढे कपाशी आणि सोयाबीनच्या निंदणात कुणाला सवड नसते, आणि त्या महिन्यांत डोंगरातला रस्ताही भरवशाचा नसतो. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन घरात यायचं असतं आणि वेचणी सुरू होते. उरला उन्हाळा. त्यात लग्नसराई.

यंदा मात्र १७ मे पासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात लग्नं नसतात, त्यामुळे घरं मोकळी. तीर्थाला जायचं पुण्यही अधिक. अडचण एवढीच की असा विचार सगळा देश करतो.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी खुलतं. १८ मे च्या गाडीचं आरक्षण खुललं १९ मार्चला, म्हणजे नेमकं पाडव्याच्या दिवशी सकाळी आठला. गुढी उभारून झाली होती, कडुनिंबाचा पाला वाटून ठेवला होता आणि मी मोबाईल घेऊन गच्चीवर, कारण रेंज तिथेच लागते. नागपूर ते दिल्ली, सहा बर्थ, चार खालचे. दिल्लीहून पुढे हरिद्वार. तिकीट निघाल्याचं ओरडून सांगितलं तेव्हा काकूंनी तिथूनच गुढीला हात जोडले. ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, म्हणून भाडं सगळ्यांचं पुरं लागलं. मोठ्या आईने त्यासाठी चार क्विंटल तूर बाजूला ठेवली होती.

उत्तराखंड सरकारची यात्रा नोंदणीही लागते. प्रत्येकाचं आधार कार्ड, फोटो, दर्शनाची तारीख. त्याचा कागद छापून प्रत्येकाच्या पिशवीत एकेक दिला आहे. मोबाईलची बॅटरी डोंगरात कधी दगा देईल सांगता येत नाही.

[पांदण रस्ता. अंधारात टॉर्चचा उजेड. पावलं.]

पहाटे पाच. एप्रिल लागल्यापासून रोजचं हे चालणं. सुरुवातीला अर्धा तास, आता तासभर. आत्याचा गुडघा पहिल्या आठवड्यात सुजला, तेव्हा ती थांबली. पुन्हा निघाली तेव्हा हळू निघाली. मोठ्या आईने अडुसष्ट वर्षांत कधी बूट घातले नव्हते. अकोटच्या बाजारातून आणले, तर तिला नाडी बांधता येईना. आता ती ओट्यावर बसते, माझी आई खाली वाकून तिची नाडी बांधते, दोन वेळा गाठ मारते आणि टोकं आत खोचते. दोन जावा आहेत त्या. चाळीस वर्षं एका चुलीवर राबल्या.

आमच्या गावाची आणि हरिद्वारची समुद्रसपाटीपासूनची उंची जवळपास सारखी आहे, तीनशे मीटरच्या आसपास. गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने साधारण सत्तर टक्केच उरतो, म्हणजे एका श्वासातला प्राणवायूही त्याच मानाने कमी. हे अंतर गाडीने दोन दिवसांत कापता येतं, पण शरीर त्या वेगाने चढत नाही. मोठ्या बाबांचं नेमकं तिथेच बिघडलं. ते अशक्त नव्हते. पोतं पाठीवर घेणारा माणूस होता तो.

म्हणून आमचा बेत असा. हरिद्वारला तीन रात्री. मग उत्तरकाशी, सुमारे अकराशे मीटर, तिथेही तीन रात्री. मग हर्सिलला एक. आणि तेव्हा गंगोत्री. तालुक्याच्या डॉक्टरांनी सगळ्यांचा ईसीजी काढला, काकाजींच्या रक्तदाबाची गोळी बदलली आणि बजावलं: डोकं दुखलं, मळमळलं, बसल्या जागी धाप लागली, तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. दर्शन एका दिवसावर आलेलं असलं तरी. मी सगळ्यांकडून हा शब्द घेतला आहे. मोठ्या आईकडून गड्याची शपथ घालून घेतला.

[पंचांगाचं पान.]

वाद एकदाच झाला. पंचांगात पाहून मोठी आई म्हणाली, "२५ तारखेले गंगादशहरा हाये. आपन त्या दिवशी वरतच पाह्यजे ना?"

ज्येष्ठ अधिक असला की गंगादशहरा अधिकातच येतो. गंगा पृथ्वीवर उतरली तो दिवस. त्या दिवशी गंगोत्रीत किती गर्दी असेल ते सांगायला नको, आणि अरुंद रस्त्यावर गाड्यांच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना बसवून ठेवायची माझी तयारी नव्हती. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी माझ्या आईने तोड काढली. दशहऱ्याला आपण उत्तरकाशीत असू. तिथे मणिकर्णिका घाट आहे, काशी विश्वनाथ आहे आणि भागीरथी गंगोत्रीहूनच येते. देवप्रयागला अलकनंदा मिळेपर्यंत तिचं नाव भागीरथीच. स्नान तिथे करू, गडू वर भरू. मोठ्या आईने मान डोलावली.

गोमुखाला मात्र जायचं नाही. हिमनदीच्या तोंडातून भागीरथी निघते ती जागा गंगोत्रीपासून अठराएक किलोमीटर पायी, जवळपास ४,००० मीटरवर. वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसाला ठरावीक माणसांनाच तो देतात. आमच्या गुडघ्यांचं ते काम नाही. मंदिराशेजारी भगीरथ शिला आहे. भगीरथाने तप केलं ते तिथे, ही श्रद्धा. आम्हाला तेवढं पुरे.

आणि हर्सिलच्या पुढे गंगोत्रीच्या रस्त्यावर धराली लागेल. ५ ऑगस्ट २०२५ रोजी खीर गंगा या ओढ्यातून चिखल-दगडांचा लोंढा आला आणि धरालीची बाजारपेठ काही क्षणांत गाडली गेली. तिथल्या लोकांचं पोट यात्रेवर होतं. गाडी तिथे थांबवायची, चहा जो देईल त्याच्याकडे घ्यायचा, हे काकूंनी ठरवून टाकलंय. आमच्याकडे कुणाच्या घरी दुःख झालं आणि त्या गावावरून जाणं झालं, तर भेटल्याशिवाय पुढे जात नाहीत.

[अक्षय्य तृतीया, १९ एप्रिल. अंगणात मातीची दोन भांडी.]

हे करा आणि केळी. वऱ्हाडात अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने ही पाण्याने भरतात. चिंचवणी करतात, पत्रावळ वाढतात. घरातून गेलेल्या माणसाला उन्हाळ्यात तहान लागते, त्याला पाणी द्यायचं. यंदाच्याही केळीत मोठ्या आईने नळाचं गोडं पाणी घातलं. जन्मभर खारं प्यायलेल्या माणसाला त्या दिवशी तरी खारं कसं द्यायचं, हा तिचा दरवर्षीचा नेम आहे.

आणि इथे आम्ही पितरांना पाणी देतो त्याच तिथीला तिकडे गंगोत्रीचं दार उघडतं. मुखबा गावात हिवाळा काढून गंगामाईची मूर्ती त्या दिवशी मंदिरात परतते. सगराच्या साठ हजार पुत्रांची राख पडून होती. अंशुमानाने तप केलं, दिलीपाने केलं, त्यांच्या हयातीत गंगा आली नाही. भगीरथाच्या तपाला ती आली. आपल्या माणसांना पाणी मिळावं म्हणून तीन पिढ्या झिजल्या. ही गोष्ट मोठ्या आईने मला लहानपणी याच अंगणात सांगितली होती. तेव्हा ती मला राजाची गोष्ट वाटली होती.

[१७ मे, रात्र. पिशव्या भरल्या जात आहेत.]

स्वेटर, कानटोप्या, लोकरी मोजे. तिखट पुऱ्या, शेंगदाण्याचे लाडू, जवसाची चटणी. काकाजींच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत. शेत चुलतभावावर सोपवलंय. २ जूनपर्यंत घरी पोचतो, असं त्याला सांगितलंय.

मोठी आई सगळ्यात शेवटी देवघरात गेली. गडू चिंच लावून घासला, विहिरीच्या पाण्याने धुतला. मग तोंडापर्यंत खारं पाणी भरलं, झाकण बसवलं आणि ओसरीवर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून दिला. सात वर्षं कोनाड्यात पडून आहे, तळाला कुठे गळत असेल तर आत्ताच कळलेलं बरं, म्हणाली.

[पहाट. ओसरी. कंदील नाही, बल्बचा पिवळा उजेड.]

ती सगळ्यांच्या आधी उठली. गडू उचलला, खालच्या कागदावर तळवा फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"कोरडा हाये," ती म्हणाली. आणि पाणी तुळशीत न टाकता, मोरीत ओतलं. खारं होतं ना.