खाकीचा ड्युटी चार्ट

नमस्कार मंडळी! आज पोलिसांबद्दल बोलूया, पण कुठल्या केसबद्दल नाही हां, हे खातं सुधारायचं म्हटलं तर ते नेमकं कोण सुधारतं आणि कसं, त्याबद्दल. आपल्याकडे हा विषय निघाला की दोनच सूर लागतात, एकतर "सगळे मेले सारखेच" नाहीतर "बिचारे किती राबतात", आणि दोन्हीकडे आकड्याच्या नावाने बोंब.

आकडा आला 2019 ला. कॉमन कॉज ही संस्था आणि दिल्लीची सीएसडीएस ही संशोधन संस्था यांनी मिळून 21 राज्यांतल्या जवळपास 12 हजार पोलिसांनाच विचारलं, बाबांनो तुमची ड्युटी किती? सरासरी निघाली 14 तास, आणि साधारण निम्म्या लोकांना साप्ताहिक सुट्टीच नाही. आता सकाळी 8 ला लागलेला माणूस रात्री साडेनऊला ठाण्यात बसलाय, आणि तुम्ही मोबाईल चोरीला गेला म्हणून तिथे पोचलात, तर तो हळूच म्हणणार "चोरी कशाला, गहाळ झाला असं लिहा ना". म्हणजे एफआयआर नको, तपास नको, एक दाखला घ्या आणि निघा. मी त्याची बाजू घेत नाहीये, चोरीला चोरीच लिहिलं पाहिजे, पण हे असं का होतं त्याचं निम्मं उत्तर त्या 14 तासांत आहे असं मला तरी वाटतं.

आणि मजा बघा, मुंबईत हे दुखणं रिपोर्ट यायच्या आधीच एका साध्या कर्मचाऱ्याने कागदावर मांडलं होतं. देवनार पोलीस ठाण्यातला माणूस, त्याने आहे तेवढ्याच माणसांत आठ-आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील त्याचा तक्ता केला, आणि तेव्हाचे कमिशनर दत्ता पडसलगीकर यांनी तो फाईलमध्ये न टाकता मे 2016 मध्ये देवनारलाच ट्रायल घेतली, मग हळूहळू बाकीच्या ठाण्यांत. आता गणपती, निवडणुका, मोर्चे आले की आठाचे बारा होतातच, ते कोणी नाकारत नाही. पण "माणसंच नाहीत, जमणार नाही" हे जे वर्षानुवर्षं ऐकवलं जायचं ते कोणा मोठ्या कमिटीने नाही, आतल्याच माणसाने पेन्सिल घेऊन खोडून काढलं.

बाहेरच्यांनी आत जाऊन काम केल्याचं उदाहरण तर त्याहून जुनं, 1984 चं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला. तिथे बसणारी ताई म्हणजे समाजकार्यकर्ती, ती खाकीत नसते पण बसते पोलिसांच्याच आवारात, आणि सगळी मेख इथेच आहे, कारण घरातून हाकललेली बाई ठाण्यात आली की तिला आधी "घरचं भांडण आहे, मिटवून टाका" असं ऐकवलं जायचं. इथे तिचं पूर्ण ऐकून घेतात, मग नवऱ्याला बोलावणं जातं, आणि पोलिसांनी बोलावलंय म्हटल्यावर तो येतो पण! दागिने, भांडीकुंडी, पोरांची कागदपत्रं, स्वतःची मार्कशीट, हे परत आणायचं तर कोर्टाचे हेलपाटे घालण्याआधी इथे कधीकधी काम होऊन जातं. पुढे राज्य सरकारने ही योजना स्वतःकडे घेतली, इतर राज्यांनीही हे मॉडेल उचललं.

बरं, पण पोलिसांवर नजर कोणाची? प्रकाश सिंग हे स्वतः उत्तर प्रदेश पोलीस आणि बीएसएफचे प्रमुख राहिलेले, ते 1996 ला सुप्रीम कोर्टात गेले, निकाल लागला 2006 ला, दहा वर्षांनी! कोर्टाने सांगितलं की महत्त्वाच्या पदावर किमान दोन वर्षं टिकू द्या, तपास आणि बंदोबस्त वेगळे करा, लोकांना तक्रारीसाठी स्वतंत्र प्राधिकरण द्या. महाराष्ट्राने कायदा बदलला 2014 ला. त्यात कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक, खंडणी, जागा बळकावणं अशा तक्रारी पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे नेता येतात, अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती. मात्र मुदतीआधी बदली करायची पळवाट "जनहितार्थ" या नावाखाली शाबूत ठेवलीय, आणि साहेबाची बॅग कायम भरलेलीच असेल तर तो ठाण्यात काय नवीन चालू करणार, सांगा.

आणखी एक, डिसेंबर 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बंधनकारक केला, लॉकअप, कॉरिडॉर, एंट्री-एक्झिट सगळीकडे, आवाजासकट, आणि फुटेज शक्यतो 18 महिने ठेवायचं. तेव्हा ठाण्यात कोणाला मारहाण झालीच तर आधी तारीख, वेळ आणि कुठल्या खोलीत ते लिहून ठेवा, अर्ज मानवी हक्क आयोगाकडे द्या, ते फुटेज मागवायचा अधिकार आयोगाला आहे. अर्जाची पोच घ्यायला मात्र विसरू नका.