हाताची मूठ वळंना: आमवात आणि जीन (जनुकं)

परभणीकडचं एखादं गाव धरा. डिसेंबरची सकाळ, चूल पेटलीय, ज्वारीचं पीठ परातीत आहे पण काकूंची मूठच वळंना. गावात सगळे म्हणतात वात धरलाय, तेल लावा, शेक द्या. पण दोन्ही हातांची बोटं सारखीच सुजलीत आणि उठल्यावर तास-दीड तास सांधे आखडूनच राहतात, म्हणजे हा झिजेचा वात नाही, बहुतेक आमवात, डॉक्टरांच्या भाषेत रुमेटॉइड आर्थरायटिस. यात आपल्याच रोगप्रतिकारक पेशी सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडतात.

का पडतात? तर टी-पेशी हा याच रोगप्रतिकारक पेशींतला एक प्रकार, आणि तिला परकं कोण ते दाखवायचं काम एचएलए नावाच्या रेणूंचं. त्यातल्या डीआरबी-१ या जीनच्या काही प्रकारांत पाच अमिनो आम्लांची ओळ जवळपास सारखी असते, हे १९८७ मध्ये मांडलं गेलं, आणि ती ओळ असली की शरीराची स्वतःचीच, जरा बदललेली प्रथिनं टी-पेशीसमोर परकी म्हणून उभी राहू शकतात.

पेटलेल्या टी-पेशीला ब्रेकही असतो, सीटीएलए-४ नावाचं प्रथिन. आता गंमत बघा, आमवाताशी जोडलेले शंभराहून जास्त जनुकीय फरक सापडलेत पण बरेचसे जीनच्या आत नाहीतच, आजूबाजूला आहेत, जिथून जीन कुठल्या पेशीत किती चालू ठेवायचा ते ठरतं. प्रथिन तेच, प्रमाण थोडं हलतं.

पीटीपीएन-२२ या जीनचं नाव युरोपातल्या अभ्यासांत कायम पुढं, पण त्यातला आमवाताशी जोडलेला फरक आपल्याकडं फारच क्वचित दिसतो आणि आमवात तर आपल्याकडंही आहेच की! त्यामुळं तिकडचा हिशेब जसाच्या तसा इथं लावण्यात अर्थ नाही असं मला वाटतं.

आणि जीन म्हणजे नशीब असंही नाही. हुबेहूब जुळ्या बहिणींत एकीला झाला तर दुसरीला व्हायची शक्यता साधारण १५ टक्केच. मात्र एचएलएचा तो प्रकार असलेल्या माणसानं वर बिडी-सिगारेट ओढली तर धोका चांगलाच वाढतो.

सीटीएलए-४ चाच तुकडा वापरून अबाटासेप्ट हे आमवातावरचं इंजेक्शन बनवलं, अमेरिकेत २००५ ला मंजूर झालं. महाग आहे. सुरुवात सहसा मेथोट्रेक्सेटच्या गोळीनं होते, ती स्वस्त, पण आठवड्यातून एकदाच, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार पक्का ठरवा, गावच्या बाजाराचा धरला तरी चालतंय.