सात वाजताची पाळी आणि स्पीडगन

मंडळी, वाहतूक पोलिसात माझी तीन जिल्ह्यांत मिळून नोकरी झाली. अपघाताच्या फिर्यादी शेकड्यानं वाचल्या, बऱ्याच स्वतः लिहिल्या. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं. ‘आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून...’ हाताला त्याची इतकी सवय होते, की भरधाव म्हणजे किती, हे लिहिणारा विचारत नाही. भरधाव कशासाठी, हे तर त्याहून नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. केंद्राच्या अहवालात त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. मला आज त्या रकान्यातल्या एकाच माणसाबद्दल बोलायचंय : सकाळी साडेसहा ते दहाच्या दरम्यान सांगलीतून मिरजेला, कुपवाडला, माधवनगरला कामाला निघालेला माणूस.

लोक म्हणतात, गर्दीच्या वेळी कसला वेग? गाड्या तर रांगत असतात. पण गर्दी सलग नसते. पुष्पराज चौकात जो खोळंबला, तो विश्रामबाग ओलांडून वानलेसवाडीकडं रस्ता मोकळा दिसला की गेलेली मिनिटं वसूल करायला बघतो. त्याच वेळी विलिंग्डनची, वालचंदची पोरं रस्ता ओलांडत असतात. हंगाम असला तर दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर वळत असतो. कर्नाटकातून मिरजेच्या दवाखान्यात आलेलं एखादं कुटुंब पिशव्या घेऊन दुभाजकावर उभं असतं; त्यांना या रस्त्याचा अंदाज नसतो.

ताशी चाळीसनं गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, साठनं जवळजवळ सतरा. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर चाळीसची गाडी सगळे मिळून वीस मीटरमध्ये थांबते, साठची सदतीसमध्ये. मधले सतरा मीटर म्हणजे एकामागं एक चार मोटारी. त्या बदल्यात मिळतं काय? सहा किलोमीटरला चाळीसनं नऊ मिनिटं लागतात, साठनं सहा. तीन मिनिटं, आणि तीही वाटेत एकही सिग्नल नसेल तर.

आता आम्हा पोलिसांचं. माझ्या नोकरीत बहुतेक ठिकाणी सकाळी सगळी माणसं चौकाचौकांत पॉइंटवर असायची. वेग मोजायचं यंत्र, म्हणजे स्पीडगन, घेऊन फिरणारी इंटरसेप्टर गाडी बाहेर पडायची अकरानंतर, हायवेवर. घाईची वेळ तोवर संपलेली असायची. स्पीडगन लागतेच, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ सांगतं, की ‘मला वाटलं गाडी जोरात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या शब्दावर कुणाला दोषी धरता येत नाही. अंदाजाला यंत्राचा आधार हवा. बंदुकीतून लेसरचे ठोके सुटतात, गाडीवर आपटून परत येतात, त्या वेळेतल्या फरकावरून वेग निघतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. त्यानुसार जिथं यंत्रानं वेग टिपायचा, तिथं आधी फलक लावून तसं कळवायचं. यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नवं करून घ्यायचं. मला हा नियम मनापासून पटतो. झाडाआड उभं राहून पावत्या वाढतात, पण वेग तेवढ्या शंभर मीटरपुरता उतरतो. समोरून येणारा हेडलाइट मारून ‘पुढं मामा आहेत’ सांगतो, आणि मामा मागं पडले की पुन्हा ॲक्सिलेटर. म्हणून माझं मागणं असं, की कॉलेजं आणि पाळ्या भरायच्या वेळी, ठरलेल्या जागी, लांबून दिसेल असा पोलीस रोज उभा करा. पावत्या कमी फाटल्या तरी चालतील.

एकदा सकाळी सात वाजायला पाच कमी असताना मी एक मोटारसायकल थांबवली. हद्द चाळीसची, यंत्रावर त्रेसष्ट. मुलगा बावीस-तेवीसचा. हँडलला डब्याची पिशवी होती, डब्याचं झाकण उघडून आमटी त्याच्या पँटवर गुडघ्यापर्यंत आली होती आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. लायसन काढताना त्याचे हात थरथरत होते. तो म्हणाला, ‘साहेब, दंड करा, पण लवकर करा. सात पाचनंतर गेट बंद होतंय. अर्धी हजेरी जाती.’ मी पावती केली. करायलाच हवी होती. सात वाजून सहा मिनिटांनी मी घड्याळ बघितलं, तेव्हा तो नजरेआड झाला होता, आणि तो किती वेगानं गेला असेल ते मला कळत होतं. त्याला थांबवून मी त्या रस्त्यावरचा धोका वाढवलाच होता.

मंडळी, याच कलम १८३ मध्ये एक पोटकलम आहे, चौथं. एखादं अंतर ठरावीक वेळेत कापा असं वेळापत्रक कुणी काढलं किंवा तसा हुकूम दिला, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ते जमणार नाही असं कोर्टाला दिसलं, तर ते वेळापत्रक किंवा तो हुकूम हाच देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा. २०१९ च्या दुरुस्तीपासून आपल्या नोकराला वेगमर्यादा मोडायला लावणारा मालकही चालवणाऱ्याच्याच ओळीत बसतो. त्या पोराच्या गेटला हे लागू होत नाही, कारण तो घरून स्वतःच्या गाडीवर येतो. पण कंपनीची बस, मालाचा टेम्पो, पार्सलवाला, शाळेची व्हॅन यांना लागू होऊ शकतं. मी नोकरीत हे पोटकलम एकदाही लावलं नाही. आमच्यात त्याची चर्चासुद्धा कुणी काढली नाही. आम्ही खिडकीची काच खाली करायला लावायचो आणि जो स्टिअरिंगवर दिसेल त्याची पावती करायचो. याची मला आज खरोखर खंत वाटते.

निवृत्तीनंतर आमच्या गल्लीतल्या एका शाळेच्या व्हॅनवाल्याला मी घरी बोलावलं. तो जोरात चालवतो, अशी मुलांच्या आयांची तक्रार होती. वहीच्या कागदावर हिशेब मांडला. फेरी सतरा किलोमीटर, हाताशी पस्तीस मिनिटं, मुलं घ्यायचे थांबे तेरा. एका थांब्याला दीड मिनिट धरलं, कारण कुणाची बाटली राहते, कुणाची वेणी चाललेली असते. थांब्यांतच वीस मिनिटं गेली. उरलेल्या पंधरात सतरा किलोमीटर म्हणजे ताशी अडुसष्ट, गावातल्या गल्ल्यांतून. तो कागदाकडं बघत म्हणाला, ‘काका, मी साठच्या वर नेत नाही, म्हणून रोज उशीर होतो आणि रोज बोलणी खातो.’

तो कागद घेऊन मी तेरा घरी गेलो. पहिल्या घरी दारातच उभं ठेवलं. तिसऱ्या घरातली आई स्वतः परिचारिका होती. तिनं आकडे बघितले आणि पुढच्या घरी माझ्याबरोबर आली. आता ती व्हॅन दहा मिनिटं आधी निघते. गाडी चालती असते ती पंचवीस मिनिटं, सरासरी एक्केचाळीस. आमच्या शेजारची पहिलीतली मुलगी त्यासाठी दहा मिनिटं लवकर उठते आणि रोज कुरकुरते. तिची आई वेणी आता रात्रीच घालून ठेवते.