समुद्रातल्या चपट्या कृमीचं बारसं

नमस्कार मंडळी. आधी हा फोटो बघा आणि काय दिसतंय ते सांगा. कोणी म्हणतंय गोगलगाय, मागून आवाज आला की साडीच्या काठाचा तुकडा. मलाही पहिल्यांदा बघितलं तेव्हा कापडच वाटलं होतं, पाण्यात कोणीतरी टाकलेलं, आणि मग ते कापड स्वतःहून चालायला लागलं. तर हा प्राणी आहे, समुद्रातला चपटा कृमी. शाळेत आपण प्लॅनेरिया शिकलो ना, दोन तुकडे केले तरी दोन्ही वाढतात तो, त्याची ही समुद्रातली भावंडं, यांना पॉलिक्लॅड म्हणतात. पॉलिक्लॅड म्हणजे खूप फांद्यांचा, कारण याचं आतडं झाडासारखं फांद्या फुटून अंगभर पसरलेलं असतं. रक्त नाही, कल्ले नाहीत, ऑक्सिजन थेट कातडीतून आत जातो, म्हणून याला चपटं राहण्याशिवाय पर्यायच नाही, जाड झाला तर मधल्या पेशी गुदमरतील. तोंड पोटाच्या बाजूला, आणि जेवण जिथून आत जातं तिथूनच उरलेलं बाहेर. आजवर ८०० हून जास्त जातींना नावं मिळालीत आणि बिननावाच्या अजून भरपूर आहेत.

आता मला नेहमी विचारतात की, फोटो आहे, रंग वेगळा दिसतोय, कुठल्या पुस्तकात नाही, मग द्या की नाव, अडलंय कुठे? आज मला त्याबद्दलच बोलायचंय.

पहिली अडचण म्हणजे तो हातात येत नाही. चिमट्याने धरलात तर फाटतो, जरा त्रास झाला की कडा सुटायला लागतात आणि डोळ्यादेखत चिंध्या होतात. बरं, अलगद उचलून अल्कोहोलमध्ये टाकला तर आकसून गुंडाळी होते, रंग उडतो, आणि बाटलीत उरतो एक तपकिरी गोळा. जुन्या काळातल्या कितीतरी जातींचं असंच झालंय, कागदावर नाव आहे, वर्णन आहे, पण ते नाव आज समुद्रात फिरणाऱ्या नेमक्या कुठल्या प्राण्याचं हे ठामपणे सांगता येत नाही. मला हे फार लागतं, कारण त्या माणसांनीही बोटीवर, कंदिलाच्या उजेडात जीव तोडून काम केलेलं असणार.

यावर उपाय काढला ऑस्ट्रेलियात, लेस्ली न्यूमन आणि लेस्टर कॅनन या दोघांनी, १९९० च्या दशकात. पद्धत ऐकायला इतकी साधी आहे! समुद्राच्या पाण्यात फॉर्मेलिन, म्हणजे मेलेले प्राणी टिकवून ठेवणारं रसायन, मिसळून ते फ्रीजरमध्ये गोठवायचं. कृमीला त्याच्या मर्जीने फिल्टर पेपरवर चढू द्यायचं, तो पूर्ण पसरला की कागदासकट त्या गोठलेल्या फॉर्मेलिनवर ठेवायचा. आकसायला वेळच मिळत नाही, चालता चालता जसा होता तसाच सपाट राहतो, आणि बऱ्याचदा रंगाची नक्षीही टिकते. अर्थात त्याआधी जिवंतपणीचे फोटो काढायचे, आणि कडेचा एक छोटा तुकडा कापून शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवायचा, कारण फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो. हा क्रम चुकला की चुकला, परत संधी नाही.

त्यांनीच १९९४ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर एका जातीचं वर्णन केलं, स्यूडोसेरॉस इमिटेटस. याची गंमत बघा. फिलिडिएला नावाची एक समुद्री गोगलगाय असते, अंगावर गाठीगाठी, आणि अंगातून मासे तोंड फिरवतील असं विषारी रसायन सोडणारी. हा कृमी हुबेहूब तिच्यासारखा दिसतो, गाठींसकट. पण स्यूडोसेरॉस घराण्यातल्या मंडळींची पाठ एरवी गुळगुळीत असते, आणि पाठीवर उंचवटे असलेला कृमी म्हटलं की आधी थायसॅनोझून आठवतो, तो वेगळाच गट. मग याला कुठे बसवायचं? वरून कितीही वेळ बघितलं तरी उत्तर मिळत नाही, उलटा करून पोट बघावं लागतं आणि मग आतही शिरावं लागतं.

पोटाकडे काय बघायचं तर छिद्रं. हे प्राणी उभयलिंगी, प्रत्येकात नर आणि मादी दोन्ही अवयव. नराचं छिद्र एक असेल तर स्यूडोसेरॉस, दोन असतील तर स्यूडोबायसेरॉस, वरून दोघं सख्खे भाऊ वाटले तरी. (स्यूडोसेरॉस म्हणजे खोटी शिंगं, डोक्याशी जी शिंगं दिसतात त्या नुसत्या कडेच्या घड्या आहेत.) यांच्यातल्या एका जातीवर १९९८ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला होता, दोन कृमी समोरासमोर उभे राहून एकमेकांना शिश्नाने टोचायला बघतात, तासभरसुद्धा, ज्याला टोचलं जातं त्याला जखम भरायची आणि अंड्यांचा खर्चही करायचा. त्यामुळे या अवयवांची रचना आम्ही इतकी बारकाईने का बघतो ते लक्षात येईल.

ती बघायची म्हणजे प्राण्याचा मधला भाग मेणात बसवून मायक्रोटोमवर, म्हणजे अतिशय पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, उभे काप घ्यायचे. मधला पाच मिलिमीटरचा तुकडा सहा मायक्रॉनच्या जाडीने कापला तर आठशेच्या वर काप होतात, ते सगळे ओळीने काचेवर, रंगवून, एकही मागेपुढे न होता. मग मायक्रोस्कोपखाली एकेक काप बघत शुक्राशय कुठे सुरू होतो, प्रोस्टेटची पिशवी कुठे जोडली जाते, टोचायची सुई किती लांब, हे मनात परत जुळवायचं. हे काम मला सगळ्यात आवडतं. तीन आठवडे नुसते ठिपके दिसतात आणि एका संध्याकाळी अचानक आख्खी नळी डोळ्यांसमोर उभी राहते. तरीही रंगीत स्यूडोसेरॉसमध्ये आतली रचना बरीचशी सारखीच निघते, म्हणून तिथे रंगाची नक्षी आणि डीएनए दोन्ही लागतात, एकट्यादुकट्या पुराव्यावर जात उभी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि मग नाव. नियम असा की नाव एका ठरावीक प्राण्याला बांधायचं, त्याला होलोटाइप म्हणतात, तो कुठे ठेवलाय ते लिहायचं. १९९९ नंतरच्या नावांना हे सक्तीचं आहे, आणि २०१२ पासून फक्त ऑनलाइन छापलेल्या पेपरची झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी लागते. उद्या कोणाला वाटलं की मी चुकले, तर तिने माझ्या फोटोशी भांडायचं नाही, सरळ म्युझियममध्ये जाऊन त्या काचा मागायच्या.

आपल्याकडचं सांगायचं तर लक्षद्वीपच्या कृमींवर लेडलॉ या प्राणिशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच लिहिलं होतं, मग २०११ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये तिथल्या नवीन नोंदी आल्या. कोकणच्या खडपांवर मात्र ओहोटीला दगड उलटून बघणारे फार थोडे. आणि दगड उलटलात तर परत होता तसा ठेवा हो, खालचे जीव उन्हात मरतात.

तो पहिला फोटो रत्नागिरीकडच्या एका कातळावरचा. तसे तीन कृमी मिळाले. एक घरी आणेपर्यंत विरघळला, दुसऱ्याचे काप घेतले तर तो अजून वयात आलेलाच नव्हता, अवयव तयारच नाहीत. तिसरा सपाट, सुंदर, फॉर्मेलिनमध्ये आहे, पण एकुलता एक प्राणी कापायला माझा हात धजत नाही. म्हणून अजून त्याला नाव नाही. येत्या अमावास्येची ओहोटी पहाटेची आहे, बादली आणि फिल्टर पेपर भरून ठेवलेत, कोणाला यायचं असेल तर खाली नाव नोंदवा, चपला मात्र घट्ट पट्ट्यांच्या घाला.