रक्ताची वाट

हे जे लाल-निळे धागे वळत चाललेत ना, हे ॲनिमेशन नाही. एमआरआयमध्ये झोपलेल्या एका माणसाच्या छातीतलं रक्त आहे, मोजलेलं. महाधमनी हृदयातून वर निघते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि खाली पोटाकडे जाते. लाल म्हणजे वेगात, निळं म्हणजे संथ.

(मशीनची टकटक, पाच सेकंद)

यात क्ष-किरण नाहीत, आणि औषध टोचलंच पाहिजे असंही नाही, कारण रक्तात पाणी, पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचं केंद्रक चुंबकात भोवऱ्यासारखं डोलतं. मशीन क्षणभर चुंबकीय क्षेत्राला एका बाजूला उतार देतं, लगेच तेवढाच उलटा. जे जागेवर आहे त्याचा हिशोब शून्य होतो, पण मधल्या वेळात जे सरकलं त्याचं डोलणं पुढेमागे होतं, जितका वेग तितका फरक. १९५९ मध्ये जेरोम सिंगरनी उंदरांच्या शेपटीतल्या रक्ताचा वेग चुंबकीय अनुनादाने, म्हणजे एमआरआयमागच्याच तत्त्वाने मोजला, आणि १९६० मध्ये अर्विन हाननी चक्क समुद्राच्या पाण्याची हालचाल अशी मोजता येईल असं लिहिलं. समुद्राची! आम्हाला हे फार आवडतं.

आता हे राखाडी चित्र बघा, छातीचा आडवा काप. स्थिर ते राखाडी, वर जाणारं रक्त पांढरं, खाली येणारं काळं. महाधमनी एकच, पण कमानीमुळे दोनदा दिसते, एकदा पांढरी एकदा काळी. टेक्निशियन आधी वेगाची मर्यादा भरतात, समजा सेकंदाला १५० सेंटीमीटर, आणि रक्त त्याहून जोरात गेलं की पांढऱ्याच्या मधोमध काळा डाग उमटतो, मग आकडा वाढवून परत घ्यायचं. असं तिन्ही दिशांनी, ईसीजीशी जुळवून, दहाएक मिनिटं. म्हणजे पडद्यावरचा हा एक ठोका शेकडो ठोक्यांतून विणलाय.

आणि हा पीळ दिसला? १९९३ मध्ये लंडनच्या फिलिप किलनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की निरोगी माणसातही कमानीतलं रक्त असं पीळ घेत जातं.

हा दुसरा स्कॅन. इथे हृदयातून महाधमनीत उघडणाऱ्या झडपेला जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या, शंभरात एखाद-दोघांना असतात. अशी धमनी पुढे फुगू शकते म्हणून लक्ष ठेवावं लागतं. धार मधून न जाता भिंतीवर कशी आपटतेय बघा.

परत एकदा दाखवतो, हळू करून.