वाटी राहू दे, आधी बरगड्या चाचपा

नमस्कार श्रोतेहो,

आज कुत्र्याच्या जेवणाबद्दल बोलायचंय, आणि काय घालायचं हे नाही तर किती घालायचं, एवढंच. पण त्याआधी एक करा, रेडिओ ऐकता ऐकताच करता येईल. एका हाताची मूठ घट्ट आवळा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्या मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. हाडं टोकदार लागतात ना? कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा लागल्या तर ते बारीक आहे, त्याला कमी पडतंय. आता मूठ सोडा, हात सरळ पालथा धरा आणि परत बोटं फिरवा. हाडं आहेत हे लगेच कळतं, पण वर पातळसा थर आहे. बरगड्या अशा लागायला हव्यात. आणि आता हात उलटा करून तळव्याच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी दाबून बघा. हाड आहे आत, पण शोधावं लागतं. असं असेल तर कुत्र्याचं वजन जास्त आहे, मग ते दिसायला कितीही गोंडस असो.

ही युक्ती मला व्हेटनी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांनी, शिकवली, आणि ती शिकले तेव्हा उशीर झाला होता. आमची चिंगी, लॅब्राडॉर, पाच वर्षांची होती आणि सकाळी उठताना मागचे पाय आखडायचे तिचे, मला वाटलं थंडीने असेल. व्हेटनी तिला काट्यावर उभं केलं, 36 किलो. मग त्यांनी तिच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, हिच्या बांध्याला 29 च्या आसपास हवेत. मला खरंच धक्का बसला, कारण रोज डोळ्यासमोर असलेलं कुत्रं जाड होतंय हे दिसतच नाही, महिन्याला दोनशे तीनशे ग्रॅम वाढतं, कोणाला कळणार? आणि लांब केसांचं कुत्रं असेल तर डोळ्यांवर अजिबात भरवसा ठेवू नका, केसांखाली काय आहे ते हातालाच कळतं.

हात फिरवून झाला की दोन गोष्टी बघायच्या. कुत्रं उभं असताना वरून बघा, बरगड्या संपल्यावर कंबर थोडी आत गेलेली दिसायला हवी. मग बाजूने बघा, छातीच्या मागे पोट वर चढत गेलेलं हवं, सरळ रेषेत नको आणि लोंबतं तर नकोच. व्हेट लोक यालाच 1 ते 9 असे मार्क देतात, 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे अतिलठ्ठ, आणि 4 किंवा 5 म्हणजे बरोबर. 5 च्या वरचा प्रत्येक मार्क म्हणजे ढोबळमानाने 10 टक्के जास्तीचं वजन. चिंगीला 7 मिळाले होते. ग्रेहाउंडसारख्या शिडशिडीत जातींच्या शेवटच्या बरगड्या मुळातच दिसतात हं, त्यांना उपाशी समजून भरवत बसू नका.

आता मुख्य प्रश्न, किती ग्रॅम. कुत्र्याच्या तयार खाण्याच्या पाकिटावर तक्ता असतो, आपण कुत्र्याचं आजचं वजन बघतो, त्यापुढचा आकडा वाचतो आणि तेवढं घालतो. इथेच गडबड होते, कारण कुत्रं आधीच जाड असेल तर तुम्ही त्या चरबीलाही जेवायला घालताय. तक्ता वाचायचा तो कुत्र्याचं जे वजन असायला हवं त्यावरून. आणि तरीसुद्धा तो अंदाजच आहे, दिवसातून दोनदा फेरी मारून बाकी वेळ झोपणाऱ्या घरातल्या कुत्र्याला तो बऱ्याचदा जास्तच होतो.

मी एक सोपा हिशोब सांगते, लिहून घ्या. योग्य वजन किलोत घ्या, त्याला 30 ने गुणा, त्यात 70 मिळवा. साधारण 2 ते 45 किलोच्या कुत्र्याला हे चालतं. कुत्र्याने काहीच न करता नुसतं पडून राहायचं म्हटलं तरी रोज लागतील एवढ्या या कॅलरी. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्यासाठी त्याला 1.6 ने गुणायचं, ऑपरेशन न झालेल्याला 1.8 ने. म्हणजे 10 किलोचं, ऑपरेशन झालेलं कुत्रं धरा, 370 गुणिले 1.6, म्हणजे सुमारे 590 कॅलरी. ड्राय फूडमध्ये 100 ग्रॅमला 350 ते 400 कॅलरी असतात, तुमच्या पाकिटावरचा आकडा वाचा, 360 असेल तर दिवसभराचं मिळून 165 ग्रॅम झालं. डब्यातलं ओलं फूड असेल तर त्यात पाणीच जास्त, 100 ग्रॅमला 100 च्या आसपास कॅलरी, म्हणून ते ढीगभर दिसतं. हा आकडा फक्त सुरुवात करायला. एकाच वजनाची, एकाच जातीची दोन कुत्री घेतली तरी एकाला दुसऱ्यापेक्षा बरंच कमी पुरतं, त्यामुळे शेवटचा निकाल बरगड्याच देणार.

आणि मापाने नका मोजू, कृपा करून. मी मगाने घालायचे, सकाळी एक संध्याकाळी एक, आणि मला वाटायचं आपण किती शिस्तीत देतो. मग किचनमधल्या डिजिटल काट्यावर तो मग ठेवला, एकदा 180 ग्रॅम भरला, एकदा 210, घरातल्या दुसऱ्या माणसाने भरला तेव्हा 230. छोट्या कुत्र्याला रोज 20 ग्रॅम जास्त म्हणजे खूप होतं हो. काटा वापरा, फार वेळ लागत नाही.

ट्रीटचं सांगते. दिवसाच्या कॅलरीतल्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त ट्रीटमधून जायला नकोत, आणि त्या जेवणातून वजा करायच्या. त्या 10 किलोच्या कुत्र्याला 60 कॅलरीच मिळतात बरं का, पंधरा ग्रॅम चीज दिलं की झाला कोटा. आमच्या घरात चौघं चिंगीला द्यायचे आणि प्रत्येकाला वाटायचं मी तर एकच बिस्कीट दिलं! शेवटी मी तिचा दिवसभराचा खाऊ सकाळीच वजन करून एका डबीत काढून ठेवायला लागले, डबी रिकामी झाली की संपलं. गाजराचे तुकडे, काकडी हे चालतं, कॅलरी कमी आणि कुडुमकुडुम आवाज तिला आवडतो. कांदा, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट मात्र तुकडाभरही नाही, ते विषारी आहे कुत्र्याला.

मग तुम्ही म्हणाल, ती भुकेली असते, डोळे बघवत नाहीत. मला ठाऊक आहे ते डोळे. पण मागणं म्हणजे भूक असं नसतं. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये एका जीनचा तुकडाच गायब असतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे त्या जिवाला खरंच कळत नाही की आता पुरे, ते आपल्यालाच ठरवावं लागणार. ऑपरेशननंतरही असंच, ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, म्हणून ऑपरेशन झालं की त्याच महिन्यात जेवण कमी करून बघायला हवं, वर्षभराने नाही. चिंगीच्या बाबतीत मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आणि हे कशासाठी करायचं तेही सांगते. 2002 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, 48 लॅब्राडॉर, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी जेवण, तेही आयुष्यभर. जास्त खाणाऱ्यांच्या गटातली निम्मी कुत्री 11.2 वर्षांपर्यंत गेली होती, आणि कमी खाणाऱ्यांतली निम्मी 13 पर्यंत. जवळपास दोन वर्षं जास्त! शिवाय सांध्यांचं दुखणंही उशिरा सुरू झालं. दोन वर्षं श्रोतेहो, ज्यांनी आपलं कुत्रं गमावलंय त्यांना विचारा दोन वर्षं म्हणजे काय ते.

पिल्लांना हा हिशोब लावू नका, चार महिन्यांपर्यंत त्यांना पडून राहण्याच्या गरजेच्या तिप्पट लागतं, मग दुप्पट, आणि मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर लवकर मोठं व्हावं म्हणून भरवू नका, हाडांना त्रास होतो. पिल्लांना दूध पाजणाऱ्या आईला मात्र हवं तेवढं खाऊ द्या. म्हाताऱ्या कुत्र्याचं वेगळंच असतं, पोटावर चरबी आणि पाठीवरचं मांस गेलेलं, काटा तोच आकडा दाखवतो, म्हणून त्याच्या कण्यावरून आणि मांड्यांवरूनही हात फिरवा. आणि जेवण तेवढंच असताना कुत्रं अचानक जाड झालं किंवा झपाट्याने बारीक झालं, किंवा खूप पाणी प्यायला लागलं, तर ग्रॅम कमीजास्त करत बसू नका, व्हेटकडे न्या, थायरॉइड असू शकतो, डायबेटिस असू शकतो, जंतही असू शकतात.

चिंगीला आम्ही 29 किलोच्या हिशोबाने, आणि 1.6 ने न गुणता, रोज 940 कॅलरीवर आणलं. आठवड्याला वजनाच्या 1 ते 2 टक्के कमी व्हावं, त्याहून भराभर नको, असं व्हेटनी बजावलं होतं. पहिले तीन आठवडे काटा हललाच नाही, मी रडकुंडीला आले. मग कळलं की घरातलं कोणीतरी रात्री गुपचूप चीज देत होतं. ते बंद झालं आणि वजन उतरायला लागलं, आठ महिन्यांनी 29 किलो 400 ग्रॅम. आता दर रविवारी सकाळी मी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवते, महिन्यातून एकदा वजन करते, आणि बोटांना थर जाड लागला की पुढचे पंधरा दिवस 10 टक्के कमी घालून बघते. ती अजूनही भांडं चाटून माझ्याकडे बघते. मी तिला फिरायला घेऊन जाते, आणि परवा ती स्वतःहून उडी मारून गाडीत चढली.

नमस्कार.